सोयाबीन पडलं, मग अंडं स्वस्त का नाही?

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूर, वाशिम, अकोल्याच्या बाजारातून बातमी येते: सोयाबीन हमीभावाच्या खाली. थंडी पडली की दुसरी येते: अंडी महागली. दोन्ही वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. कोंबडीच्या खाद्यात सोयाबीन असतं ना? मग ते पडल्यावर अंडं उतरायला नको का?

शेतकऱ्याच्या घरात हाच प्रश्न उलटा विचारला जातो. अंडी महाग, चिकन महाग, दूध महाग, मग आमच्याच मालाला भाव का नाही?

बहुतेक वेळा ही चर्चा दलालांच्या नावानं बोटं मोडून संपते. दलालांचा भाग त्यात आहे, त्याकडे पुढे येऊ. पण सोयाबीन, मका, कोंबडी आणि दूध या चार गोष्टी आतून एकमेकींना बांधलेल्या आहेत, आणि ती गाठ समजून घेतल्याशिवाय यातल्या एकाही भावाचा उलगडा होत नाही. महाराष्ट्रात तर हे समजून घेणं फारच गरजेचं आहे, कारण इथला शेतकरी एकाच महिन्यात विकणाराही असतो आणि विकत घेणाराही. सोयाबीनची पट्टी खिशात घालून तो परतताना गायीसाठी ढेपेचं पोतं घेऊन येतो.

## खाद्याच्या पोत्यात काय असतं

कोंबडीला दोन गोष्टी लागतात. अंगात ताकद येण्यासाठी ऊर्जा आणि मांस किंवा अंडं तयार करण्यासाठी प्रथिनं. आपल्या ताटात भाकरी आणि डाळ जे काम करतात, तेच. कोंबडीची भाकरी म्हणजे मका आणि डाळ म्हणजे सोयाबीनची पेंड. खाद्यात मका साधारण निम्म्याहून जास्त, बरेचदा साठ टक्क्यांच्या आसपास असतो. सोयापेंड पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास जाते. अंड्यावरच्या कोंबडीला कमी, मांसाच्या कोंबडीला जास्त. उरलेल्यात कोंडा, चुना, क्षार, जीवनसत्त्वं.

कोंबडीपालनाच्या एकूण खर्चापैकी साधारण पासष्ट ते सत्तर टक्के खर्च एकट्या खाद्यावर होतो. शेड, वीज, मजूर, औषधं, पिल्लं हे सगळं उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात. राज्य सरकारनं जुलै २०२५ मध्ये पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजबिलाच्या दृष्टीनं तो मोलाचा आहे. पण पोल्ट्रीवाल्याची झोप उडते ती मक्याच्या भावानं.

## सोयाबीन हे तेलापेक्षा पेंडीचं पीक

सोयाबीनला आपण तेलबिया म्हणतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं अठरा किलोंच्या आसपास आणि पेंड उरते ऐंशी किलोंच्या वर. शेंगदाण्यात किंवा तिळात तेलाचं प्रमाण याच्या अडीच पटीच्या आसपास असतं. सोयाबीन गाळणारा कारखाना म्हणजे खरं तर पेंडीचा कारखाना आहे, तेल हे त्याचं जोडउत्पन्न.

एक कच्चा हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तेल किलोला १२० रुपये असेल, तर १८ किलोंचे झाले २,१६०. पेंड ३२ रुपये किलो असेल, तर ८१ किलोंचे २,५९२. दोन्ही मिळून ४,७५२ रुपये. यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, हमाली, आडत आणि कारखान्याचा नफा काढून जे उरेल तेवढंच तो एका क्विंटलला देऊ शकतो. आता तेलाचा भाव तसाच ठेवा आणि पेंड फक्त आठ रुपयांनी खाली आणा. क्विंटलमागे ६४८ रुपये गेले. हा धक्का कारखाना सोसत नाही. तो थेट मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ओतलेल्या ढिगाच्या बोलीत उतरतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क बरंच वाढवलं. कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण भार साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. आता सोयाबीन उसळी घेणार, असं सगळीकडे बोललं गेलं. तेल महागलंही. पण त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाला काही शिवलं नाही. कारण वर आलं आहे: शुल्क लागलं अठरा किलोंवर, आणि भाव दाबला जात होता एक्क्याऐंशी किलोंवर. मे २०२५ मध्ये ते शुल्क पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणलं गेलं.

पेंड का दबली होती? त्यासाठी मक्याकडे वळावं लागेल.

## मक्याला नवं गिऱ्हाईक मिळालं

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, धुळे, जालना हा आपला मक्याचा पट्टा. वर्षानुवर्षं मक्याची मोठी गिऱ्हाइकं ठरलेली होती: कोंबडी आणि पशुखाद्याचे कारखाने, मग स्टार्चवाले. भाव त्यांच्या गरजेभोवती फिरायचा.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ चं केलं गेलं. इथेनॉल म्हणजे आंबवून काढलेलं मद्यार्क. ऊस, तांदूळ, मका कशापासूनही निघतं. आपल्याकडे ते मुख्यतः उसाचं होतं. पण २०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला, साखर कमी पडेल अशी भीती उभी राहिली आणि त्या डिसेंबरात केंद्रानं उसाचा रस इथेनॉलकडे वळवण्यावर बंधनं आणली. मग इथेनॉल आणायचं कुठून? मक्यापासून. त्यासाठी मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर वाढवून लिटरला ७१ रुपये ८६ पैसे करण्यात आला.

एका टन मक्यापासून साधारण ३७० ते ३८० लिटर इथेनॉल निघतं. गुणाकार केला तर टनामागे सत्तावीस हजारांच्या आसपास येतात, तेही ठरलेल्या दरानं आणि हमखास गिऱ्हाइकाकडून. असा खरेदीदार बाजारात उतरला की बोली चढणारच. कोंबडीवाल्याला असा ठरलेला दर कुणी देत नाही. त्याची कोंबडी श्रावणात, पितृपक्षात, नवरात्रात मातीमोल जाऊ शकते. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून करोना होतो अशी निव्वळ अफवा पसरली आणि शेडमधली जिवंत कोंबडी कवडीमोल झाली, हे त्या धंद्यातला माणूस विसरलेला नाही.

तर २०२४ मध्ये मका चढला. मक्याचा निर्यातदार असलेला आपला देश त्या वर्षी आयात करायला लागला. मक्याच्या शेतकऱ्यासाठी हे बरे दिवस होते आणि त्याला ते मिळायलाच हवे होते. पोल्ट्रीवाल्याच्या भाकरीत मात्र वाटेकरी आला.

## टाकीत इथेनॉल, मागे चोथा

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते सगळी गुरुकिल्ली त्यातच आहे.

इथेनॉल तयार करताना धान्यातला फक्त पिष्टाचा भाग वापरला जातो. प्रथिनं, तंतू, थोडं तेल हे मागे राहतं. ते वाळवलं की मिळतो कोरडा चोथा. धंद्यात त्याला 'डीडीजीएस' म्हणतात. पुढे मी चोथाच म्हणेन. मक्याच्या टनामागे तो दोनशे ते तीनशे किलो मिळतो. मक्याच्या चोथ्यात प्रथिनं अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास, तांदळाच्या चोथ्यात पंचेचाळीसच्या जवळपास. सोयापेंडीत शेहेचाळीस-अठ्ठेचाळीस.

म्हणजे कोंबडीच्या आणि गायीच्या ताटात डाळीची जागा काही प्रमाणात घेऊ शकेल अशी वस्तू, सोयापेंडीपेक्षा बऱ्याच कमी भावात, बाजारात ओतली जाऊ लागली. चोथा किती घालायचा याला मर्यादा आहे. तो नीट वाळला नसेल तर बुरशीचं विष धरतो आणि कोंबड्यांना भोवतो. तरीही जिथे जमेल तिथे पेंड कमी करून चोथा घातला गेला. पेंडीची मागणी हलली, पेंड पडली, आणि पेंडीबरोबर सोयाबीन.

आता पूर्ण साखळी जोडून पाहा. पेट्रोलमध्ये मिसळायला मका वळवला. त्यामुळे मका चढला. मक्यातून उरलेल्या चोथ्यानं सोयापेंड पाडली. पेंडीनं सोयाबीन पाडलं. नाशिकच्या शेतकऱ्याला ज्या निर्णयानं चार पैसे मिळाले, त्याच निर्णयानं हिंगोलीच्या शेतकऱ्याचे काढून घेतले, आणि दोघांनाही एकमेकांची गोष्ट कळली नाही. कुणी ठरवून केलेलं हे नव्हतं. पण इंधनाचं धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर सोयाबीनची फाईल नसते, ही उणीव मोठी आहे असं मला वाटतं.

ही दोरी उलटीही ओढली जाते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी किलोला साडेबावीस रुपयांनी द्यायचं ठरवलं. कारखान्यांना स्वस्त धान्य मिळालं, त्यांचा मक्याकडचा ओढा कमी झाला. तिकडे चांगला भाव पाहून शेतकऱ्यांनी मका वाढवलेला. २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा तो २,४०० रुपयांच्या हमीभावाच्या बराच खाली विकला गेला. आणि तांदळाचा चोथा तर मक्याच्या चोथ्यापेक्षाही प्रथिनांनी भरलेला. सोयापेंडीला त्यातून सुटका नव्हतीच.

## अंड्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते आणि रोज अंडं देतेच असं नाही. म्हणून एका अंड्यामागे सव्वाशे-एकशेतीस ग्रॅम खाद्य धरतात.

समजा मका किलोला पाच रुपयांनी चढला. खाद्यात तो साठ टक्के, म्हणजे खाद्य तीन रुपयांनी महाग. समजा त्याच काळात सोयापेंड आठ रुपयांनी पडली. खाद्यात ती वीस टक्के, म्हणजे एक रुपया साठ पैशांची बचत. वजाबाकी करा: पेंड आठ रुपयांनी पडूनही खाद्य एक रुपया चाळीस पैशांनी महागच राहिलं. डाळ स्वस्त झाली तरी भाकरी महागली की घराचा खर्च वाढतो, तसंच हे.

पण हे झालं मका चढलेल्या वर्षाचं. मकाही पडलेल्या वर्षी अंडी का महागावीत? त्याचं उत्तर खाद्यात सापडत नाही. ते काळाच्या अंतरात आहे.

मांसाची कोंबडी सहा आठवड्यांच्या आत विक्रीला तयार होते. अंड्यावरच्या कोंबडीचं पिल्लू आज आणलं तर पहिलं अंडं अठरा-वीस आठवड्यांनी. जन्मलेली कालवड वाढून, गाभण राहून दुधात यायला अडीच-तीन वर्षं. सोयाबीन वर्षातून एकदा. आज जो माल बाजारात दिसतो तो आजच्या भावानं पिकलेला नसतो. तो कुणीतरी पूर्वीच्या भावाकडे पाहून घेतलेल्या निर्णयाचं फळ असतो. ज्या वर्षी खाद्य महाग होतं त्या वर्षी अनेकांनी नवी पिल्लं टाकली नाहीत, काहींनी शेड रिकामी ठेवली. त्याचा परिणाम दिसायला कित्येक महिने जातात. तोवर खाद्य उतरलेलं असतं, पण अंडी द्यायला कोंबड्याच कमी असतात. त्यात थंडीत अंड्यांची मागणी वाढते. महाराष्ट्राची अंड्यांची गरज राज्यात भागतही नाही. तेलंगणा, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतून माल येतो, त्यामुळे तिकडची टंचाई इथल्या टपरीवरच्या ऑम्लेटपर्यंत पोहोचते.

भाव चढला की सगळे एकदम घुसतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो, सगळे एकदम बाहेर पडतात, टंचाई होते, भाव पुन्हा चढतो. कांद्यात हे चक्र आपण इतक्यांदा पाहिलंय की वेगळं समजवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चिकनचे भाव चढले तरी करारावर कोंबड्या वाढवणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं फारसं मिळत नाही. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते, शेतकरी शेड आणि श्रम घालतो, आणि त्याला मिळते किलोमागे ठरलेली वाढवण्याची मजुरी. बाजार पडला तर तो काही अंशी वाचतो, हे खरं. पण बाजार चढल्याचा आनंद त्याच्या दारात येत नाही, आणि खाद्य जास्त लागलं, मरतूक झाली तर कपात मात्र त्याच्याच हिशेबात येते.

## "पण हमीभाव जाहीर होतो ना?"

होतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा ५,३२८ रुपये. पण हमीभाव म्हणजे सरकारनं खरेदी केली तर ती या दरानं करू, असं आश्वासन आहे. मोंढ्यातल्या बोलीवर त्याचा वचक तेवढाच, जेवढी सरकारी खरेदी खरोखर होते.

२०२४-२५ च्या हंगामात राज्यात सुमारे अकरा लाख टन सोयाबीन सरकारी केंद्रांवर खरेदी झालं, आणि तो विक्रम मानला गेला. तरी राज्याच्या एकूण पिकात हा लहानच हिस्सा. केंद्रावर जायचं तर आधी नोंदणी, मग निरोपाची वाट, बारदान आहे का याची चौकशी, आणि सगळ्यात अवघड अट ओलाव्याची: बारा टक्के. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन बारा टक्क्यांवर आणायला ऊन आणि खळं दोन्ही लागतं. त्या वर्षी नोव्हेंबरात ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली, पण तोवर ज्यांना दिवाळी आणि रब्बीचं बियाणं गाठायचं होतं त्यांनी माल देऊन टाकला होता.

## "दलाल मधले पैसे खातात, त्याचं काय?"

आडत, तोलाई, ओलाव्याच्या नावाखाली केलेली कपात, चाळणीत काढलेली माती, हे सगळं घडतं आणि लहान शेतकऱ्याला ते सगळ्यात जास्त लागतं. आठ-दहा क्विंटल माल घेऊन आलेला माणूस परत नेण्याचं भाडं परवडत नाही म्हणून पडेल ती बोली मान्य करतो. यावर कडक देखरेख हवीच.

पण दलाल दोन्ही काळात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हाही तेच आडते, तोच मोंढा. तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी हाक मारली, पेंड परवडत नाही म्हणून. केंद्रानं त्याच महिन्यात जनुक बदललेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला पहिल्यांदाच परवानगी दिली. नवं पीक बाजारात येता येता भाव निम्म्याकडे आला. त्या डिसेंबरात सोयाबीनसह काही शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांचा भाव आज ठरवण्याचे सौदे, थांबवले गेले आणि ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. सात-आठ क्विंटल पिकवणारा शेतकरी स्वतः वायद्यात उतरत नाही, हे मान्य. पण पुढे काय भाव दिसतोय याचा उघड फळाच पुसला गेला, आणि अंदाज बांधायला उरले फक्त मोठे व्यापारी आणि कारखाने. हे मला आजही बरोबर वाटत नाही.

## "मग आयातच बंद करा"

सोयाबीनचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक ब्राझील, मग अमेरिका, अर्जेंटिना. शिकागोच्या बाजारात भाव बुशेलमध्ये बोलतात. एक बुशेल सोयाबीन म्हणजे सुमारे २७.२ किलो. तिथे बुशेल १० डॉलर असेल आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर क्विंटलला ३,१२० रुपयांच्या आसपास येतात. आपला २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८. जगात इतकं स्वस्त असताना आपली पेंड बाहेर विकणं कठीण होतं. जनुक न बदललेली म्हणून आपल्या पेंडीला थोडे जास्त पैसे देणारी गिऱ्हाइकं आहेत, पण थोडीच. माल देशात अडकला की भाव देशातच दबतो.

तेलाची आयात बंद करणं तर शक्यच नाही; आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. आणि पेंड, मका, चोथा यांची दारं उघडायची की बंद ठेवायची, यात आपल्याच माणसांचं एकमत नाही. पोल्ट्रीवाल्याला ती उघडी हवीत, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतकऱ्याला बंद. व्यापार करारांच्या बातम्यांमध्ये 'पशुखाद्य' किंवा 'डीडीजीएस' हा शब्द दिसला, तर तो विदर्भ-मराठवाड्याच्या सोयाबीनबद्दल आहे असं समजून वाचावं.

## दुधाची गोष्ट थोडी वेगळी

गायीचं पोट कोंबडीसारखं नाही. ती चाऱ्यावर जगते, खुराक वरून लागतो. पण संकरित गाय पंधरा-वीस लिटर द्यायला हवी असेल तर खुराक पुरता लागतो, आणि त्यात पुन्हा मका, सरकीची ढेप, सोयापेंड, आता चोथाही.

दुधाचा भाव मात्र वेगळ्याच दोरीला बांधलेला आहे: भुकटीच्या. थंडीत दूध वाढतं, घराघरात खपतं त्यापेक्षा जास्त होतं. दूध साठवता येत नाही, मग त्याची भुकटी आणि लोणी करतात. शंभर लिटर गायीच्या दुधातून साडेआठ किलोंच्या आसपास भुकटी निघते. भुकटी किलोला पन्नास रुपयांनी पडली, तर लिटरमागे सव्वाचार रुपये गेले. जागतिक बाजारात भुकटी स्वस्त झाली की संकलन केंद्रावरचा कागद बदलतो. गोठ्यात काहीच बदललेलं नसतं; तीच गाय, तेच फॅट.

२०२३ च्या मध्याला राज्यात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) गायीच्या दुधाला ३४ रुपयांचा दर ठरला होता. वर्षअखेरीस तो सत्तावीसच्या आसपास घसरला. मग सरकारनं पाच रुपये अनुदान दिलं. जुलै २०२४ पासून दूध संघांनी ३० द्यायचे आणि सरकारनं ५, असं ठरलं. ऑक्टोबरपासून २८ आणि ७. नीट पाहा: शेतकऱ्याच्या हातात दोन्ही वेळा पस्तीसच, पण संघाचा वाटा दोन रुपयांनी उतरला आणि तिजोरीचा तेवढाच वाढला. अनुदान थेट खात्यात जमा होण्यासाठी जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद हवी होती. नोंदी अडकल्या की पैसे महिनोन् महिने अडकायचे, आणि तेवढ्या काळात ढेपवाल्याची उधारी थांबत नव्हती.

अनुदान वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या हिवाळ्यात त्यानं अनेक गोठे वाचवले. पण ते ताप उतरवण्याचं औषध आहे. भुकटीचा साठा केव्हा उचलायचा, खाद्याचे भाव कसे धरायचे, हा मूळ आजार त्यानं बरा होत नाही.

## मोजणी काय सांगते

या सगळ्याचा परिणाम जनावरांच्या संख्येत उमटतो, फक्त उशिरा. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना शेजारी ठेवल्या तर महाराष्ट्रात गायी-बैल सुमारे एक कोटी पंचावन्न लाखांवरून एक कोटी चाळीस लाखांवर आले. म्हशी छप्पन्न लाखांच्या आसपास जागच्या जागी. कोंबड्या पावणेआठ कोटींवरून साडेसात कोटींच्या खाली. शेळ्या मात्र चौऱ्याऐंशी लाखांवरून एक कोटी सहा लाखांवर गेल्या.

शेळी का वाढली? माझं उत्तर साधं आहे: तिच्या पोटाचा मोंढ्याशी सगळ्यात कमी संबंध आहे. ती बांधावरचा पाला खाते, सोयाबीनचं कुटार खाते, आणि अडीनडीला लगेच विकली जाते.

बैल कमी होण्यात ट्रॅक्टरचा मोठा हात आहे. दुसरं कारण कायद्याचं. राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हातारा बैल विकून नव्या जोडीत घालायचे पैसे ही जुनी सोय त्यानंतर आटली. या कायद्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, भाकड जनावराच्या चाऱ्याचा खर्च कुणाच्या तरी गोठ्यात पडतोच.

आणि चारा. ज्वारी होती तेव्हा धान्याबरोबर कडबा घरात यायचा, फुकट. मराठवाडा-विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीन आणि कपाशीनं घेतली, पैसे हातात आले, पण कडब्याची गंज गेली. कुटार काही कडब्याची जागा घेत नाही. ज्या वर्षी सोयाबीन पडतं त्या वर्षी त्या घरात पैसेही नसतात आणि वैरणही. ज्वारीच्या काळात या दोन्ही गोष्टी एकदम संपत नव्हत्या.

## "भाव नसेल तर माल धरून ठेवायचा"

असा सल्ला शहरातून सहज दिला जातो. धरून ठेवायला खळं लागतं, ताडपत्री लागते, आणि घरातली निकड थोपवून धरायला पैसे लागतात. यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी घ्यायची. चांगली योजना आहे, माझ्या मते सगळ्यात कमी वापरली गेलेली. पण भाव चढेल याची हमी ती देत नाही. दहा हजारांची आठवण मनात ठेवून ज्यांनी पुढची वर्षं सोयाबीन धरलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी अखेर ते धरलं होतं त्याहून कमी भावात विकलं.

म्हणून धरायचं की विकायचं हे ठरवताना तेलाच्या भावापेक्षा पेंडीचा भाव विचारावा. जवळच्या खाद्य कारखान्यात चोथा किती घालतायत, हे तिथे माल टाकणाऱ्या गाडीवाल्याला विचारावं. त्याला ठाऊक असतं. इथेनॉलसाठी यंदा तांदूळ किती सोडला, ही बातमी दिल्लीची वाटते, पण सोयाबीनच्या ढिगाजवळ उभं राहून वाचायची ती बातमी आहे. आणि ज्याच्या गोठ्यात चार गायी आहेत त्यानं सगळं सोयाबीन विकून तीच पेंड सहा महिन्यांनी परत विकत आणण्याआधी, थोडं घरच्या खुराकासाठी ठेवलं तर काय पडतं, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. कच्चं सोयाबीन जनावराला तसंच घालू नये, भाजून भरडावं लागतं, आणि किती घालायचं ते पशुवैद्याला विचारावं.